वाचकांचे प्रश्न : बागेतल्या रेल्वेचा सांधा आणि त्याचा लीव्हर

प्रश्न : आमच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात मी ४५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर मीटर गेजच्या (रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेल्या) गाडीचे मॉडेल चालवतो. तीन सांधे, म्हणजे गाडीचा मार्ग बदलायच्या जागा, आहेत आणि तिन्हींना कारखान्यातून आलेली प्लॅस्टिकची चौकोनी पेटी व तिच्यावरची सरकणारी खुंटी आहे. इंजिन, स्टेशन, पाण्याची टाकी असे सगळे प्रमाणात असताना ही पेटी डोळ्यांत खुपते. लहानपणी पाहिलेला, टोकाला लोखंडी गोळा असलेला आणि सांधेवाला एका हाताने उलटा टाकत असे तो लीव्हर मला करायचा आहे. पितळी तारेचा एक केला. दिसायला छान झाला, पण दोन आठवड्यांत वाकला आणि गोळा पडूनही सांध्याची जीभ (सरकून मार्ग बदलणारा निमुळता रूळ) शेजारच्या रुळाला चिकटून बसत नाही. माझे कुठे चुकते आहे?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : लीव्हर दिसायला छान झाला, म्हणजे आपला हात चालतो आहे, आता हिशेब तेवढा पाहू. १००० मिलिमीटरचा मीटर गेज ४५ मिलिमीटरवर आणला की प्रमाण साधारण १:२२ येते आणि बागेतल्या गाड्या बनवणारे ते १:२२.५ धरतात. लांबी साडेबावीस पटींनी कमी होते; वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी घटत असल्यामुळे सुमारे ११,४०० पटींनी कमी होते. खऱ्या लीव्हरवर समजा २५ किलोचा गोळा असेल, तर आपला गोळा जेमतेम सव्वादोन ग्रॅम भरेल. खरा गोळा आपल्या भाराने जिभेला रुळाशी दाबून धरतो. सव्वादोन ग्रॅमचा गोळा जिभेच्या आड आलेला रेतीचा एक कणही हटवू शकत नाही, कारण रेतीचा कण काही साडेबावीस पटींनी लहान झालेला नसतो. आपले बोटही लहान झालेले नसते. आपण सहज दिलेला अर्ध्या किलोचा दाब त्या चिमुकल्या जगात साडेपाच टनांहून अधिक भरतो, आणि तो पेलायला आपण एक तार उभी केली होती.

यातून वाट एकच आहे. डोळ्यांना दिसणारा भाग काटेकोर प्रमाणात करावा, आणि बोटाचा जोर पेलणारा व जीभ दाबून धरणारा भाग पेटीच्या आत, नजरेआड, लागेल तेवढा जाड ठेवावा. या विभागणीत गल्लत झाली की एक तर लीव्हर वाकतो किंवा तो कुकरच्या दांड्यासारखा दिसू लागतो.

मापांसाठी माझी एक सोपी रीत आहे. १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस या प्रमाणात ७३ मिलिमीटरचा होतो. तेवढा पुतळा सांध्याशेजारी उभा करावा. लीव्हर सरळ उभा धरल्यावर त्याच्या कमरेच्या जरा खाली पोहोचला की नजरेला खरा वाटतो. माझा लीव्हर खिळीपासून (ज्या पिनेवर तो फिरतो तिथून) टोकापर्यंत ३६ मिलिमीटर आहे आणि गोळा, खरे तर जाड चकतीच, ११ मिलिमीटर व्यासाची व ३ मिलिमीटर जाडीची आहे. जुना लीव्हर एखाद्या लहान स्टेशनच्या यार्डात दिसलाच तर फलाटावरून नजरेत साठवावा. रुळांवर उतरून फूटपट्टी लावण्याचा मोह धरू नये. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे.

लीव्हर तारेचा न करता ३ मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यातून एकसंध कापावा. पेटीच्या आतला भाग पूर्ण जाडीचा ठेवावा आणि बाहेर आल्यावर कानशीने निमुळता करत टोकाशी २ मिलिमीटरवर आणावा. खिळीपाशी जोड असला की तो तिथेच तुटतो, हे मी तीन लीव्हर गमावून शिकलो. पेटीसाठी दीड मिलिमीटर पत्र्याच्या दोन गालपट्ट्या कापाव्यात आणि त्या २ मिलिमीटरच्या तळपट्टीवर चांदीच्या झाळीने जोडाव्यात. साध्या सोल्डरवर इथे भरवसा ठेवू नये. घरी झाळायची सोय नसेल तर तळपट्टीला आटे पाडून बारीक स्क्रू लावले तरी चालते. खीळ २ मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलची असावी. साधे लोखंड आपल्याकडच्या एका पावसाळ्यात गंजून भोकातच धरून बसते. सायकलचा स्टेनलेस स्पोक नेमका २ मिलिमीटरचा असतो आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानात सुटा मिळतो, हे सांगून ठेवतो.

आता चालीचे गणित. आपल्या सांध्याची जीभ एका रुळापासून दुसऱ्या बाजूला किती सरकते ते प्रथम कॅलिपरने मोजावे. उदाहरणासाठी साडेचार मिलिमीटर धरू. खिळीच्या खाली ४ मिलिमीटरवर ओढदांडीचे (लीव्हरपासून जिभेकडे जाणाऱ्या दांडीचे) भोक पाडले आणि लीव्हर उभ्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंश पडू दिला, तर दांडी सुमारे ५.७ मिलिमीटर सरकते. जिभेला हवे त्याहून हे सुमारे १.२ मिलिमीटर जास्त आहे, आणि ते मुद्दाम जास्त आहे. लीव्हर पेटीच्या कडेला टेकून थांबला पाहिजे. जिभेवर टेकून थांबता कामा नये. जीभ आधी रुळाला भिडते, लीव्हर त्यानंतर थोडा पुढे जातो, आणि प्रत्येक बाजूला उरलेला हा अर्धा मिलिमीटर दांडीत घातलेला एक लवचीक वळसा गिळून टाकतो. वळशासाठी ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस स्प्रिंगची तार घेऊन ती घोड्याच्या नालेच्या आकाराची वाकवावी आणि पेटीतच लपवावी. आपण गोळ्याकडून ज्या दाबाची अपेक्षा करत होता तो दाब हा वळसा देतो, आणि बोटाचा फाजील जोर जिभेपर्यंत पोहोचण्याआधी पेटीच कडेवर झेलते.

एवढ्याने सांधा नीट चालेल, पण लीव्हर अजून मेलेला वाटेल. जिथे सोडावा तिथे तो अर्धवट उभा राहील. त्यासाठी पेटीच्या तळाशी अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची, केसांच्या आकड्यासारखी एक स्प्रिंग बसवावी. तिचा एक पाय तळपट्टीच्या भोकात आणि दुसरा लीव्हरच्या खालच्या टोकात अडकवावा, असा की लीव्हर उभा असताना ती सर्वांत जास्त दाबलेली असेल. मग लीव्हर मध्यापर्यंत बोटाने न्यावा लागतो आणि तिथून पुढे तो आपणहून ठक् करून पडतो. गोळाच त्याला घेऊन गेला असे पाहणाऱ्याला वाटते. लीव्हरवर बारीक रिबिटे आणि अक्षरे कोरण्यात मी पूर्वी अनेक रविवार घालवले. त्या सगळ्यांपेक्षा या पडण्याने लीव्हर अधिक खरा वाटू लागला.

स्प्रिंगऐवजी लहान चुंबक लावावे असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. आपल्या भागात ते करू नये. आपली खडी बेसाल्टची, म्हणजे काळ्या दगडाची असते, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, आणि महिनाभरात चुंबकाला काळी दाढी फुटून लीव्हर अडकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेटी कशाला बांधायची. माझा पहिला लीव्हर मी रुळांशेजारी सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवला होता, का तर तो पक्का राहावा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खडी बसली, तिच्याबरोबर रूळ खाली गेले, ठोकळा मात्र जागचा हलला नाही. सांधा अर्धवट उघडा राहिला, इंजिनाची पुढची चाके एका मार्गाने व मागची दुसऱ्या मार्गाने गेली आणि सगळा लवाजमा कर्दळीत जाऊन पडला. खऱ्या रेल्वेत जिभेच्या टोकाखालचे दोन स्लीपर बाहेरपर्यंत लांब असतात आणि लीव्हर त्यांच्यावर बसतो. त्यामागचे कारण त्या दिवशी मला कळले. रूळ आणि लीव्हर यांनी एकत्रच खचले पाहिजे. आपणही दोन स्लीपर ६० मिलिमीटर लांब घेऊन, ते सांध्याच्या स्लीपरांना खालून पट्टीने जोडून, पेटी त्यांच्यावरच स्क्रूने कसावी.

रंगाबाबत थोडक्यात. पितळ साबणाने धुऊन, बोट न लावता, धातूला चावून बसणारा प्रायमर द्यावा आणि वर चमक नसलेला काळा रंग द्यावा. गोळा रात्री दिसावा म्हणून पांढरा केलेला चांगला दिसतो. घासणाऱ्या जागी रंग नको. तेलही नको, कारण तेल धूळ धरते आणि तिचा लगदा होतो. सायकलच्या साखळीसाठी मिळणारे मेणाचे कोरडे वंगण पुरते. तळपट्टीला पाणी जाण्यासाठी एक भोक ठेवावे, आणि पावसाळ्यात गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येक पेटीत डोकावावे, कारण गोगलगाईंना ही जागा फार आवडते.

प्रश्न : गच्चीवरील बागेत माझी रेल्वे आहे. गुडघ्यांमुळे वाकून सांधे बदलणे आता जमत नाही, म्हणून कठड्यापाशी पाच लीव्हरांची चौकट केली असून तिथून सळया सांध्यांपर्यंत नेल्या आहेत. सर्वांत लांबची सळई तीन मीटर आहे. सकाळी अचूक जुळवलेला तो सांधा दुपारी नीट बसत नाही आणि संध्याकाळी पुन्हा ठीक होतो. तसेच लीव्हरांचे रंग कोणते असावेत?
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : आपला सांधा घड्याळ पाहून बिघडतो, म्हणजे दोष उन्हाचा आहे. आपण सळई कशाची आहे ते लिहिलेले नाही. स्टेनलेस स्टीलची धरली तर ती दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढते. सकाळी २४ अंशांवर असलेली सळई गच्चीच्या उन्हात दुपारी ५५ अंशांपर्यंत तापली, तर तीन मीटरमध्ये १.६ मिलिमीटरची वाढ होते. जिभेची एकूण चालच साडेचार-पाच मिलिमीटर असते, तिथे हा तिसरा हिस्सा झाला. पितळ याहून थोडे अधिक वाढते आणि ॲल्युमिनियम त्याहूनही अधिक, त्यामुळे धातू बदलून हे दुखणे जाणार नाही.

खऱ्या रेल्वेला हेच दुखणे मोठ्या प्रमाणावर होते. केबिनपासून (लीव्हरांच्या खोलीपासून) शंभर मीटरवरच्या सांध्याची पोलादी दांडी ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ४८ मिलिमीटर वाढते, आणि ब्रॉड गेजच्या जिभेची चाल साधारण ११५ मिलिमीटर असते. त्यावरचा त्यांचा तोडगा आपल्याला जसाच्या तसा उचलता येतो. सळई मधोमध तोडावी आणि तिथे समान हातांचा एक आडवा दांडा, मध्यावर खीळ ठोकून, बसवावा. चौकटीकडून आलेली सळई त्याच्या एका टोकाला आणि सांध्याकडे जाणारी दुसऱ्या टोकाला जोडावी. पहिली सळई वाढली की तिच्याकडचे टोक पुढे ढकलले जाते, म्हणून दुसरे टोक तेवढेच मागे येते, आणि दुसरी सळई नेमकी तेवढीच पुढे वाढत असल्यामुळे जीभ जागची हलत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. या दांड्याने ओढण्याचे ढकलणे होते, त्यामुळे लीव्हरची दिशा उलटी होईल. दुसरे, दोन्ही तुकडे लांबीने सारखे असून भागत नाही, तर ते सारखेच तापले पाहिजेत. एक उन्हात आणि दुसरा मोगऱ्याच्या कुंड्यांच्या सावलीत असेल तर हिशेब पुन्हा चुकतो, आणि अशा वेळी दांडा मध्यापासून थोडा उन्हातल्या बाजूला सरकवून पाहावा.

सळईसाठी मी स्टेनलेस वेल्डिंगची १.६ मिलिमीटर जाडीची भरणीची तार सुचवीन. आपल्या रेल्वेत सांध्याची भरीव दांडी ३३ मिलिमीटरची असते. साडेबावीसने भागले की दीड मिलिमीटर येतो, म्हणजे ही तार प्रमाणातही बसते आणि गंजतही नाही. वागळे इस्टेट परिसरातील वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानांत चौकशी करावी. एवढी बारीक तार ओढताना सरळ राहते पण ढकलताना फुगते, म्हणून दर १५ सेंटिमीटरला तिला एक आधार हवा. लांबी जुळवण्यासाठी सायकलच्या स्पोकचे आटे असलेले टोक आणि त्याची निपल सळईला जोडून घ्यावी. निपल फिरवली की लांबी केसाएवढी कमी-जास्त करता येते. सिग्नलसाठी मात्र सळई नको, तार पुरे. सांध्याला ओढावेही लागते आणि ढकलावेही लागते, पण सिग्नलची तार एकदा ओढली की परत नेण्याचे काम सिग्नलवरचा प्रतिभार करतो, म्हणून खऱ्या केबिनमधूनही सांध्याकडे दांड्या आणि सिग्नलकडे तारा गेलेल्या दिसत.

रंगांची रूढ पद्धत अशी आहे : सांध्याचा लीव्हर काळा, सांध्याच्या कुलपाचा निळा, थांबण्याच्या सिग्नलचा तांबडा आणि वापरात नसलेला पांढरा. वरची मूठ रंगवत नाहीत, ती पॉलिश केलेली ठेवतात, आणि घामाने ती गंजू नये म्हणून केबिनमधली माणसे फडक्याने धरूनच लीव्हर ओढत. आपण चौकटीच्या खुंटीला एक लहानसे फडके अडकवून ठेवायला हरकत नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही तरी सांगतो. कठड्याजवळची चौकट १:२२.५ प्रमाणात करण्याचा हट्ट धरू नका. तिथे सांधेवाला आपण स्वतः आहात आणि आपण पूर्ण आकाराचे आहात. हातात मावेल असा वीत-दीड वीत उंचीचा, पकडीचा खटका असलेला लीव्हर तिथे शोभतो. सांध्यापाशी मात्र नेरुळच्या वाचकांना सांगितलेला छोटा लीव्हर, आतली स्प्रिंग काढून, दोन्ही जिभांना जोडणाऱ्या आडपट्टीला नुसता जोडून द्यावा. त्याच्यावर कसलाच भार नसल्यामुळे तो हवा तेवढा नाजूक करता येतो, आणि आपण कठड्याशी लीव्हर ओढला की तिकडे तो अदृश्य सांधेवाल्याने पाडावा तसा पडतो.

प्रश्न : लीव्हर आणि पेटी थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतली तर चालेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : पेटीचे वरचे आवरण, गोळा आणि सांध्याचा क्रमांक असलेली पाटी खुशाल छापून घ्यावी. लीव्हर, खीळ आणि तळपट्टी धातूचीच असावी. आवरणासाठीही पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लॅस्टिक वापरू नये. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि काळ्या रंगाचे प्लॅस्टिक मे महिन्याच्या उन्हात तिथवर सहज पोहोचते. एएसए नावाचे प्लॅस्टिक जवळजवळ १०० अंशांपर्यंत टिकते आणि उन्हाने ठिसूळही लवकर होत नाही. नायलॉन पाणी शोषून फुगते, त्यामुळे खिळीच्या भोकासाठी ते पावसाळ्यात घात करते. तिथे बुश (भोकात बसणारी नळी) घालायचाच असेल तर ॲसिटल या कठीण प्लॅस्टिकचा घालावा.

प्रश्न : माझे इंजिन रुळांतून वीज घेते. प्लॅस्टिकची पेटी काढून पितळी लीव्हर लावल्यापासून सांधा बदलला की कधी शॉर्ट होतो, तर कधी सांध्याच्या मध्यावर इंजिन थांबते.
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. प्रत्येक जीभ आपल्या शेजारच्या रुळाची वीज वाहत असेल तर दोन्ही जिभा परस्परविरुद्ध ध्रुवांच्या असतात. त्यांना जोडणारी आडपट्टी धातूची केली की शॉर्ट ठरलेलाच. आडपट्टी ॲसिटलची किंवा तांबे खरवडून काढलेल्या सर्किट बोर्डाची करावी. मग तिच्या टोकाला जोडलेला पितळी लीव्हर निरुपद्रवी होतो. इंजिन थांबते ते दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर, कारण त्याला सांध्याच्या स्थितीनुसार कधी या तर कधी त्या रुळाची वीज मिळावी लागते. जीभ रुळाला टेकली म्हणजे वीज पोहोचेल, यावर उघड्यावर विसंबू नये. धूळ आणि दव तो स्पर्श मोडतात. पेटीत पाणी न शिरणारा एक मायक्रोस्विच बसवून तो लीव्हरच्या खालच्या टोकाने दाबला जाईल असे करावे, आणि तो लीव्हरच्या बरोबर मध्यावर, म्हणजे दोन्ही जिभा रुळांपासून सुटलेल्या असताना बदलेल, असा सरकवून कसावा.

प्रश्न : मी नेरळ-माथेरान गाडीचे मॉडेल ३२ मिलिमीटर रुळांवर करतो आहे. रूळ अरुंद आहेत, म्हणजे लीव्हरही लहान करावा लागेल ना?
– एक वाचक, बेलापूर

उत्तर : उलट मोठा करावा लागेल. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गाचे रूळ मुळातच ६१० मिलिमीटरचे आहेत, त्यामुळे ३२ मिलिमीटरवर आणताना प्रमाण १:१९ येते, आणि मीटर गेजच्या मॉडेलपेक्षा त्यातला माणूस उंच असतो, ७३ ऐवजी ८७ मिलिमीटरचा. लीव्हर ४२ ते ४३ मिलिमीटरचा आणि गोळा १३ मिलिमीटरचा करावा. पेटीतली खीळ, वळसा आणि स्प्रिंग मात्र वर दिली आहेत तीच ठेवावीत, कारण बोट तेच आहे. जिभेची चाल तेवढी मोजून भोकाचे अंतर बदलावे.